चार दिवस कुठे जाऊन पडू? (जंगल सोडून सांगा)

नागलीची_भाकर
१६ जानेवारी, रात्री ११.४०

मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहिते कमी. आज विचारायचंय ते जरा घरगुती आहे, पण घरी विचारण्यासारखं नाही.

नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याच्या बाजूला वनहक्काचं काम करते, म्हणजे जंगलजमीन कसणाऱ्यांना तिचा कायदेशीर हक्क मिळवून द्यायचं. एकोणीस वर्षं झाली. काम म्हणजे लोकांचे दावे भरायचे, ग्रामसभेचे ठराव लिहून घ्यायचे, नकाशे जुळवायचे, अपात्र ठरलेल्यांची अपिलं करायची आणि मधल्या वेळात मोर्चे. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेले त्यात मी होते. दहावीच्या पोरांचा परीक्षेला जाताना खोळंबा नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालून आझाद मैदान गाठलं होतं, आठवत असेल. पायाचे फोड पंधरा दिवसांत बरे झाले. त्या रात्री मोडलेली झोप अजून जागेवर आलेली नाही. (हे गमतीत लिहायला घेतलं होतं. वाचून बघितलं तर खरंच आहे.)

मुद्द्यावर येते. गेल्या महिन्यात एक आजी आल्या. चौथ्यांदा. रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत घडी घातलेला तोच कागद, तीच पोच. माझं काय झालं, एवढंच विचारलं त्यांनी. आणि मी ओरडले. "सतरांदा सांगितलं ना, मी काय सरकार आहे का?" दहा माणसं बसली होती. आजी म्हणाल्या, "बरं ताई." कागदाची घडी घातली, पिशवी कमरेला खोचली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या, कारण त्यांची गाडी साडेचारला होती. दीड तास त्या पायरीवर आणि मी आत टेबलाशी. पाणी तरी नेऊन द्यावं असं मनात आलं. उठले नाही.

त्याच आठवड्यात चक्कर आली म्हणून दवाखान्यात गेले, तर बीपी १६०/१००. गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस कुठेतरी निवांत जाऊन या, निसर्गात वगैरे. मला हसूच आलं. रोज असते की निसर्गात.

अडचण हीच आहे. जंगल म्हणजे माझ्यासाठी फाईल झालीय. वनहक्काच्या नियमांत शेताचे जुने बांध, विहिरी, घरांचे चौथरे, स्मशानाची जागा, देवाचं ठिकाण हे सगळं पुरावा म्हणून धरतात. त्यामुळे डोंगरात गेले की डोळे तेच शोधतात. कुणाला शेवाळ दिसतं, मला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा बांध दिसतो (त्या तारखेआधीचा ताबा असेल तरच दावा टिकतो).

एकदा एका संस्थेने आम्हा दहाबारा कार्यकर्त्यांना तीन दिवस विश्रांतीसाठी नेलं होतं. जागा सुंदर, जेवण उत्तम, सकाळी सातपासून सत्रं. तिसऱ्या सत्रात म्हणे आपापलं झाड निवडा, मिठी मारा आणि आतल्या बाळाशी बोला. माझ्या वाट्याला ऐन आला. चांगला कवेत न मावणारा. मी गाल टेकवला, डोळे मिटले आणि डोक्यात आलं: बुंध्यावर कुऱ्हाडीचे जुने घाव आहेत, म्हणजे इथे वहिवाट होती, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले तर दावा उभा राहील. शेजारी एक जण रडत होता. त्याचं खरं होतं, त्याची चेष्टा करत नाही. पण मी तिथून आले ती जास्तच दमून.

तर असं ठिकाण सांगा जिथे सत्रं नाहीत, कुणी 'तुमचा अनुभव मांडा' म्हणणार नाही, आणि चार दिवसांचे राहून-खाऊन सात-आठ हजारांच्या वर जाणार नाहीत. आणि फोनचं काय करू तेही सांगा. रात्री दहाला फोन येतो, "ताई, फॉरेस्टवाल्यांनी नांगर उचलून नेला." तो कसा बंद ठेवायचा?

---

धामकाठ
१७ जानेवारी, सकाळी ७.०५

ताई, आमच्या वर्ध्याकडे या. सेवाग्रामला यात्री निवासात स्वस्तात राहता येतं. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना असते, या म्हणून कुणी मागे लागत नाही. बापू कुटीच्या समोरच्या झाडाखाली दिवसभर बसून राहिलात तरी कुणी विचारत नाही. तिथून पवनारला जा, धाम नदीच्या काठावर.

तुम्हाला विनोबांची गोष्ट सांगतो. १९३८ साली ते इतके खंगले होते की वजन ८८ पौंडांवर आलं होतं, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. गांधीजींनी बोलावून घेतलं, थंड हवेच्या ठिकाणी जा म्हणाले. विनोबा गेले कुठे, तर हाकेच्या अंतरावर पवनारला, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात. जाताना धाम नदीच्या पुलावर तीनदा म्हणाले, 'संन्यस्तं मया', सगळं सोडलं. आश्रम सोडला, संस्था सोडल्या, त्यांच्या चिंताही. मग तिथे काय केलं? खणलं. सुरुवातीला दिवसाला पाच मिनिटं, मग वाढवत वाढवत दोन तासांपर्यंत. ना ध्यान, ना शिबिर. वजन चांगलं भरलं. त्याच जमिनीत खणताना पुढे भरत-राम भेटीची मूर्ती सापडली, ती आजही तिथे आहे.

मला यातला पूल फार आवडतो. माणूस फार लांब गेला नाही, पण मधे एक नदी ठेवली.

मे महिन्यात मात्र येऊ नका. ४५ अंशात बीपी उतरत नसतं.

---

सडेतोड_बोलणारा
१७ जानेवारी, दुपारी १.२२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सगळं वाचून मला वाईट वाटलं ते आजीचं. तिला कुठलं चार दिवसांचं निवांत? तिचा कागद अडकलाय, ताई समुद्र की डोंगर ते ठरवतायत. कार्यकर्त्यांची ही नवी चोचली शहरातून आली आहेत. जुनी माणसं मरेपर्यंत राबली, त्यांनी कधी 'थकलो' म्हटलं नाही.

---

खोऱ्यातला
१७ जानेवारी, रात्री ९.५०

सडेतोड, तुमच्या वरच्याच प्रतिसादात एक जुना माणूस आहे, ८८ पौंडांचा. तो वाचून खाली यायचं होतं.

मी नंदुरबारचा, अक्कलकुव्याच्या बाजूचा. नर्मदेच्या खोऱ्यात, धरणाविरुद्धच्या आंदोलनात तरुणपण गेलं. सरदार सरोवरात मणिबेली गाव बुडताना पाहिलं. आमच्यात तेव्हा थकलो म्हणणं म्हणजे फितुरी होती. चुलीपाशी बसून एकेक जण सांगायचा, मी इतक्या रात्री झोपलो नाही, मी इतके दिवस घरी गेलो नाही. जणू पदकं. त्यातले दोघं दारूला लागले, एकाने काम सोडलं ते असं सोडलं की आज रस्त्यात दिसला तर वाट बदलतो. माझं लग्न मोडलं. यातलं काहीही खोऱ्याच्या उपयोगी पडलं नाही.

ताई, तुमचं 'जंगल म्हणजे फाईल' मला लगेच कळलं. लोक मला सांगतात, नदीकाठी जाऊन बसत जा, बरं वाटेल. माझी नदी आता जलाशय आहे. त्या पाण्याकडे बघितलं की खाली कुणाचं घर कुठे होतं ते मला दिसतं. तोरणमाळला यशवंत तलावाशीही बसून पाहिलं, पण पाणी ते पाणीच.

मला विश्रांती मिळाली ती सोलापूरला बहिणीकडे. सिमेंटची वसाहत, निसर्ग म्हणजे मागच्या दाराचा एक कढीपत्ता. बहीण मला भाजी निवडायला बसवायची आणि तिच्या सासूच्या तक्रारी सांगायची. आंदोलनातलं तिला काही कळत नाही, कळून घ्यायचं नाही. अकरा दिवस राहिलो. पहिले चार दिवस नुसता झोपलो.

म्हणून एवढंच सांगतो, जिथे तुम्हाला काही कळत नाही अशा ठिकाणी जा.

---

रात्रपाळी
१८ जानेवारी, पहाटे ४.१५

मी नर्स आहे, ड्युटी संपता संपता लिहितेय.

इगतपुरी तुम्हाला जवळ, म्हणून कुणीतरी विपश्यना सुचवेलच. मी केलं आहे. दहा दिवसांचं शिबिर, पैसे घेत नाहीत, आपण नंतर द्यायचं तेवढं दान. फोन जमा, बोलणं बंद. पण पहाटे चारला घंटा, दिवसात दहाएक तास बैठक, दुपारनंतर जेवण नाही. मला लाभलं. तरी ती विश्रांती नाही, ते काम आहे. दमलेल्या गाडीला घाटात घालू नये. बीपीची गोळी नुकती सुरू झालीय, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिबिराच्या अर्जात खरं लिहा.

दुसरं. झोप आठ-आठ वर्षं मोडलेली असणं, आपल्या माणसावर ओरडणं, पाणी द्यायला उठता न येणं, हे नुसतं दमणं असेलही, नसेलही. चार दिवसांनी परत आल्यावरही तसंच राहिलं, किंवा मधेच सगळं संपवावंसं वाटलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. तुमच्या भागातल्या बाकीच्या कार्यकर्त्यांनाही देऊन ठेवा.

---

सुपारीचं_खांड
१८ जानेवारी, सकाळी १०.३०

खोऱ्यातला यांना अनुमोदन. मग ताई, समुद्रावर या की! डोंगरातल्या माणसाला भरती-ओहोटीतलं काय कळतंय?

मंडणगड तालुक्यात वेळास. फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवांची पिल्लं निघतात. गावात घरोघरी राहायची सोय होते, जेवण घरचं. शनिवार-रविवारी गर्दी असते, सोमवार ते गुरुवार या. श्रीवर्धनकडून आलात तर बागमांडल्याला फेरीबोटीत बसून वेशवीला उतरायचं, मधे बाणकोटची खाडी. धामकाठ यांनी सांगितलेली नदी इथेही मिळेल :)

फोनला रेंज अधूनमधून येते, त्या भरवशावर राहू नका. फोनचं खरं उत्तर रेंज नाही, माणूस आहे. तुमचं सिम काढून तुमच्या जागी कोण उचलेल त्याच्या हातात द्या. असं कुणी नसेल, तर वेळासला यायच्या आधी तो प्रश्न सोडवा.

---

नागलीची_भाकर
१८ जानेवारी, रात्री ११.१०

सगळ्यांचे आभार. सडेतोड, तुमचाही प्रतिसाद दोनदा वाचला. आजींचा कागद माझ्या विश्रांतीमुळे अडकलेला नाही. माझ्या ओरडण्याने सुटलाही नाही.

सुपारीचं_खांड, शेवटचं वाक्य लागलं. आमच्यात एक धाकटा आहे, सव्वीस वर्षांचा, सहा वर्षं सोबत आहे. त्याच्या हातात मी अजून एकही सुनावणी एकट्याची दिलेली नाही. का, ते आज मलाही सांगता येईना.

---

नागलीची_भाकर
११ मार्च, रात्री १०.२०

धागा वर काढतेय, कारण जाऊन आले. कसं झालं ते सांगते.

सिम धाकट्याच्या एका जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं आणि त्याला शंभर पानी वही दिली. कोण, कुठलं गाव, काय काम, काय सांगितलं, एवढं लिहायचं. माझ्याकडे बिनसिमचा फोन, फक्त घड्याळाला. आणीबाणी असेल तर राहते त्या घरी फोन करायचा, आणि आणीबाणी म्हणजे काय ते आम्ही दोघांनी बसून कागदावर लिहिलं. अटक, अपघात, मृत्यू. तो म्हणाला, "नांगर?" मी म्हणाले, "नांगर तू बघायचा."

बागमांडल्याच्या फेरीबोटीत उभी राहिले तेव्हा पुलावरचे विनोबा आठवले. संस्कृत काही तोंडातून निघालं नाही. "जाऊ दे" एवढं म्हटलं, तेही एकदाच.

पहिला दिवस वाया गेला, म्हणजे माझ्या स्वभावावर गेला. सकाळी सातला किनाऱ्यावर गेलो. जाळीच्या कुंपणात पुरलेली घरटी, प्रत्येकावर टोपली, वर तारखेची पाटी. रात्री मादी येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते, पुन्हा फिरकत नाही. ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवायला कुंपणात आणून पुरतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला धरून २००२ साली सुरू केलं, असं तिथल्या कासवमित्राने सांगितलं. कासवमित्र म्हणजे घरट्यांची राखण करणारा गावातलाच माणूस. तो सांगत होता, वाळू जास्त तापली की माद्या जास्त निघतात. आणि मी काय विचारावं? "तुम्हाला मानधन किती? वेळेवर मिळतं का? लेखी काही आहे?" तो बिचारा गोंधळला. मग मीच म्हटलं, राहू द्या हो, सवय आहे. त्या दिवशी टोपल्या उचलल्या तर एकही पिल्लू नव्हतं. लोक हळहळले. मला कसं कोण जाणे, बरं वाटलं. कुणी मोर्चा काढला नाही, निवेदन दिलं नाही. नाही निघाली, संध्याकाळी बघू.

आता खरी गंमत. राहत होते त्या घरच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्ही काय करता? वनहक्क म्हटलं असतं तर तासभर गेला असता आणि शेवटी त्यांच्याही कुणाचा तरी सातबारा निघाला असता. मी ठोकून दिलं, "शिवणकाम." दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी तीन ब्लाउज घेऊन हजर. ताई, बाह्या उसवून जरा सैल करून द्याल का, आमच्याकडची शिवणारी लग्नसराईत हाताला लागत नाही.

आईने लहानपणी शिकवलं होतं तेवढंच भांडवल. पडवीत सुपाऱ्या वाळत घातलेल्या, त्यांच्या शेजारी बसले. ब्लेडने एकेक टाका उचलायचा, दोरा ओढायचा, पुढचा टाका. कापड जांभळं होतं, शिवणीच्या आतला रंग अजून नवा, बाहेरचा उडालेला. पहिल्या बाहीला अर्धा तास लागला. दुसऱ्या बाहीच्या वेळी लक्षात आलं की अर्धा तास माझ्या डोक्यात एकही गाव आलं नाही. दुपारी तिथेच भिंतीला टेकून झोप लागली ती पाचला वहिनींनी उठवलं, "पिल्लं निघाली म्हणतायत, चला."

संध्याकाळी चौदा निघाली. अंगठ्याएवढी, काळपट, ओल्या वाळूवर आखलेल्या रेघेवर ठेवली. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या मागे उभं राहायचं. बारा सरळ गेली. एक उलटं होऊन पडलं, आपोआप सरळ झालं, गेलं. एक मात्र आमच्याकडेच येत राहिलं, समुद्राकडे पाठ करून. सगळे कुजबुजत होते, उचला, वळवा. कासवमित्र म्हणाला, थांबा, वळेल. चांगली पाच मिनिटं. मी माझे हात पदरात गुंडाळून उभी होते, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. वळलं.

तिन्ही ब्लाउज पूर्ण केले. तिसऱ्याच्या एका बाहीला झोल आलाय, वहिनी काही बोलल्या नाहीत. निघताना आमसुलांची पुडी दिली आणि माझ्या गावी मशीन कुठलं आहे विचारलं. मी हसले नुसती. हे खोटं मला अजून टोचतंय, पुढच्या खेपेला खरं सांगेन. आधी बाह्या नीट शिकून घेईन.

खर्च: चार रात्री, जेवण, येणं-जाणं धरून सहा हजार दोनशे. रात्रपाळी, बीपी १४०/९०, गोळी चालू आहे. तिथे चारही रात्री झोपले, इथे आल्यावर तीन रात्री झोपले आणि मग पुन्हा दीडला जाग. १४४१६ ला मागच्या मंगळवारी फोन केला. अर्धा तास बोलले. पुन्हा करणार आहे.

वही बघितली. चार दिवसांत त्रेसष्ट फोन. एक्कावन्न त्याने जागेवर निस्तरले. नांगर खरंच गेला होता, तो दोन माणसं घेऊन गेला आणि पंचनाम्याची प्रत घेऊन आला. मी असते तर प्रतीआधी भांडण घेऊन आले असते. नऊ जणांना 'ताई आल्यावर' सांगितलं. तिघांना माझ्याशीच बोलायचं होतं, त्यातलं एक लग्नाचं आमंत्रण.

शेवटच्या पानावर फोनची नसलेली एक नोंद आहे. "आजी स्वतः आल्या. आत बसवलं. चहा दिला. अपील वाचून दाखवलं, सुनावणीची तारीख नाही हे सांगितलं. गाडी ४.३०."

पुढची पाळी त्याची, एप्रिलमध्ये. वेळास सुचवलं तर म्हणाला, मला समुद्र नको, मी मालेगावला आत्याकडे जाऊन झोपतो. सिम माझ्याकडे राहील. त्याची वही मी लिहिणार आहे.